तेच कार्टून, तेच पात्र, पुन्हा पुन्हा: लहान मुलांचं हे वेड आतून कसं चालतं

सकाळी डोळे उघडल्या उघडल्या त्याच पात्राचं नाव. दात घासायचे तर त्याचं चित्र असलेल्या ब्रशनंच. अंगात तोच शर्ट, मग तो धुवायला टाकलेला का असेना. जेवताना त्याचं बाहुलं ताटाशेजारी, झोपताना कुशीत, आणि मोबाइल हाती आला की तोच एक भाग, चाळिसाव्यांदा. दीड ते चार वर्षांचं मूल असलेल्या घरात हे सर्रास दिसतं. पालकांना मात्र दोन प्रश्न छळतात: हे ठीक आहे ना? आणि हे थांबवायला हवं का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा ‘हो, ठीक आहे’ असंच असतं. दुसऱ्याचं उत्तर देण्याआधी एक गाठ सोडवावी लागते. पात्राचा लळा ही एक गोष्ट आणि पडद्याची सवय ही दुसरी. दोन्ही घरात एकाच वेळी शिरतात आणि एकमेकींत इतक्या गुंततात की एकच वाटतात. पण मुलाच्या मनात त्यांची कामं वेगळी आहेत, आणि त्यांच्यावरचे उपायही वेगळे. पात्राशी भांडायची गरज जवळजवळ कधीच नसते. पडद्याला मात्र कुंपण घालावंच लागतं.

हेच पात्र का आवडतं?

आधी चेहरा पाहा. मोठं डोकं, चेहऱ्याच्या मानानं मोठे आणि खाली बसवलेले डोळे, गोबरे गाल, आखूड हातपाय. ऑस्ट्रियाचे प्राणिवर्तनतज्ज्ञ कॉनराड लॉरेंझ यांनी १९४३ मध्ये मांडलं होतं की पिल्लांच्या अशा ठेवणीमुळे माणसाला त्यांच्याबद्दल माया वाटते. कार्टून काढणारे हीच ठेवण जाणूनबुजून वापरतात. जोडीला दोन-तीन ठळक रंग आणि साधी बाह्यरेषा. त्यामुळे ते पात्र भिंतीएवढं असो की नखाएवढं, समोरून दिसो की पाठमोरं, मूल ते क्षणात ओळखतं.

या ओळखण्याची किंमत मोठ्यांच्या लक्षात येत नाही. दोन वर्षांच्या मुलाला खरी माणसं ओळखायला बरेच कष्ट पडतात. आई आज चष्मा लावते, उद्या केस वेगळे बांधते. काका दाढी काढून येतात आणि मूल बिचकतं. पात्र मात्र रोज तसंच असतं. तोच आवाज, तेच कपडे, सुरुवातीला तेच गाणं, शेवटी तेच वाक्य. ज्याच्या दिवसातला प्रत्येक निर्णय दुसरं कुणीतरी घेतं, कधी झोपायचं, कधी निघायचं, कोण घरी राहणार, अशा जिवाला ‘पुढे काय होणार हे मला माहीत आहे’ असं वाटण्याची ही फार मोठी संधी असते. या वेडाचं मूळ बहुतांशी इथेच आहे.

एखाद्या विषयाचं असं जबरदस्त वेड लागणं दुर्मीळही नाही. ज्युडी डीलोच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सुमारे एक तृतीयांश लहान मुलांमध्ये एखाद्या विषयाची तीव्र ओढ आढळली: गाड्या, विमानं, डायनोसॉर, चेंडू, खेळण्यातली कपबशी. ही ओढ साधारण दीड वर्षाच्या आसपास सुरू होते आणि मुलग्यांमध्ये जास्त दिसते. कार्टूनमधल्या पात्राचं वेड याच जातीचं, पण त्यात एक भर असते. गाडी मुलाकडे बघून हसत नाही. पात्र हसतं, प्रश्न विचारतं, उत्तरासाठी थांबल्यासारखं करतं.

पडद्यावरच्या व्यक्तीशी जडणाऱ्या अशा एकतर्फी नात्याकडे १९५६ मध्ये डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल यांनी लक्ष वेधलं. त्यांचा विषय मोठ्यांचा होता: टीव्हीवरचा निवेदक रोज घरी येतो, म्हणून तो आपला मित्रच वाटू लागतो. लहान मुलांत हे नातं आणखी दाट असतं, कारण ‘हे खरं नाही’ ही मधली भिंत अजून उभीच राहिलेली नसते. १९९० मध्ये जॉन फ्लेव्हेल आणि सहकाऱ्यांनी लहान मुलांना टीव्हीवर पॉपकॉर्नचं भांडं दाखवून विचारलं, टीव्ही उलटा केला तर पॉपकॉर्न सांडेल का? तीन वर्षांची बरीच मुलं ‘हो’ म्हणाली. चार वर्षांच्या मुलांना हा गोंधळ फारसा पडला नाही. म्हणून अडीच वर्षांच्या मुलाला ‘अरे, ते खोटं असतं’ असं सांगून काही साधत नाही. त्याच्या लेखी ते पात्र भुकेलं होतं, दमतं, रुसतं. मुलानं त्याच्यासाठी पांघरूण मागितलं तर द्यावं.

तोच भाग पुन्हा का?

मोठ्या माणसाला गोष्ट एकदा कळली की संपली. लहान मुलाला ती एकदा बघून कळतच नाही. पहिल्या खेपेला त्याची नजर रंगावर आणि हलणाऱ्या गोष्टींवर असते. मुख्य काय आणि मागचं झाड काय हेही नीट वेगळं झालेलं नसतं. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला कोण कोण आहे ते बसतं. मग घटनांचा क्रम लागतो. त्यानंतर ‘हे झालं म्हणून ते झालं’ हे उमगतं. आणि एक दिवस विनोद यायच्या आधीच मूल हसू लागतं. तेव्हा समजावं की गोष्ट त्याची झाली.

‘ब्लूज क्लूज’ ही मालिका १९९६ मध्ये सुरू झाली तेव्हा तिच्या निर्मात्यांनी एक धाडस केलं: सोमवार ते शुक्रवार पाचही दिवस एकच भाग दाखवायचा. या पद्धतीवर १९९९ मध्ये अभ्यास प्रसिद्ध झाला. तीन ते पाच वर्षांच्या मुलांनी तो भाग पाच वेळा पाहिला तेव्हा त्यांची समज वाढत गेलीच, शिवाय ती पडद्यावरच्या प्रश्नांना ओरडून उत्तरं देऊ लागली. पुस्तकांचंही तसंच. २०११ च्या एका प्रयोगात तीन वर्षांच्या मुलांना काही नवे शब्द शिकवायचे होते. काहींना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा वाचून दाखवली, काहींना वेगवेगळ्या गोष्टींतून तेच शब्द तितक्याच वेळा ऐकवले. तीच गोष्ट ऐकणाऱ्यांना शब्द चांगले आले. कारण साधं आहे. गोष्ट नवी असली की सगळं लक्ष गोष्ट समजण्यात खर्च होतं. ओळखीची असली की शब्दाकडे लक्ष द्यायला डोकं मोकळं राहतं.

तेव्हा पुनरावृत्तीला कंटाळून ‘आज दुसरं बघू या’ असा आग्रह धरू नये. त्याऐवजी तिचा उपयोग करून घ्यावा. नेहमीच्या वाक्याच्या आधी भाग थांबवा आणि पाच सेकंद गप्प बसा. ते वाक्य मूल पूर्ण करतं. पुढच्या वेळी ‘आता कोण येणार?’ विचारा. त्याच्या पुढच्या आठवड्यात ‘ते का रडतंय?’ पडदा बंद असताना तीच गोष्ट तोंडी सांगा आणि मुद्दाम एक चूक करा. मूल ताडकन दुरुस्त करतं. या दुरुस्तीत त्याला विलक्षण आनंद होतो, आणि बोलण्याचा सरावही होतो.

पुनरावृत्तीतून काही शिकणं होतंय की नुसती गुंगी चढलीये, हेही ओळखता येतं. बघताना मूल बोट दाखवतं, नाचतं, वळून तुमच्याकडे बघतं, नंतर खेळात तेच आणतं, तर शिकणं चालू आहे. तोंड अर्धवट उघडं, हाक मारली तरी मान वळत नाही, घास तोंडात तसाच धरलेला, असं दिसलं तर त्या वेळचं बघणं संपवायला हवं.

पडद्यातून काय पोचतं आणि काय अडतं

पात्र आणि पडदा यांतला फरक इथे सगळ्यात स्पष्ट दिसतो.

तीन वर्षांच्या आतल्या मुलांना समोरच्या माणसाकडून जितकं शिकता येतं, तितकं तेच व्हिडिओतून शिकता येत नाही. २००३ मध्ये पॅट्रिशिया कूल यांच्या गटानं इंग्रजी घरांतल्या नऊ महिन्यांच्या बाळांना मँडरिन भाषा ऐकवली, एकूण १२ बैठकांत. ज्यांच्याशी माणूस समोर बसून खेळला आणि बोलला, त्यांना त्या भाषेतले सूक्ष्म ध्वनिभेद ओळखता येऊ लागले. ज्यांना तेच व्हिडिओवर दाखवलं, त्यांना काहीच फायदा झाला नाही. १९९८ च्या आणखी एका प्रयोगात दोन वर्षांच्या मुलांनी शेजारच्या खोलीत खेळणं लपवताना पाहिलं. खिडकीतून पाहिलं तेव्हा ती जाऊन नेमकी तिथून खेळणं काढत. तेच टीव्हीवर पाहिलं की बहुतेकांना सापडत नसे. अडीच वर्षांच्या मुलांना ते बऱ्यापैकी जमलं. म्हणजे दोन वर्षांच्या मुलाला पडद्यावरचं दिसतं, पण ते आपल्या खोलीतल्या जगाला जोडता येत नाही.

मग लाडक्या पात्रानं काही फरक पडतो का? पडतो. सँड्रा कॅल्व्हर्ट यांच्या गटानं २०११ मध्ये २१ महिन्यांच्या मुलांना आकारानुसार कप एकात एक बसवण्याचं काम व्हिडिओतून दाखवलं. काहींना ते ‘सेसमी स्ट्रीट’ या मालिकेतल्या ओळखीच्या एल्मोनं दाखवलं, काहींना कधीच न पाहिलेल्या पात्रानं. एल्मोकडून मुलं शिकली. अनोळखी पात्राकडून फारशी नाही. पुढचा प्रयोग २०१३ मधला, आणि आमच्या मते पालकांच्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचा. त्याच अनोळखी पात्राचं बाहुलं मुलांना तीन महिने घरी खेळायला दिलं. ज्यांनी खेळात त्याला भरवलं, थोपटलं, झोपवलं, ती मुलं नंतर त्याच्याकडून जास्त शिकली.

हे नीट वाचा. शिकण्याची वाट मायेतून गेली, आणि ती माया बाहुल्याशी खेळताना लागली. म्हणून पडद्याचा वेळ कमी करताना बाहुलं, पुस्तक, चित्रं काढून घेऊ नका. उलट तीच वाढवा. पात्र घरात राहू द्या, पडदा दूर ठेवा.

व्हिडिओतून मूल्यशिक्षण होतं या समजुतीबद्दलही थोडं सांगायला हवं. ‘शेवटी ते सॉरी म्हणतं ना’ असं म्हणून बऱ्याच मालिका चांगल्या मानल्या जातात. पण दहा मिनिटांच्या भागात आठ मिनिटं ओढाओढी आणि चिडवाचिडवी असते, आणि शेवटच्या मिनिटात समेट. लहान मुलाला शेवट आणि सुरुवात जोडता येत नाही. बालवाडीच्या वयाच्या मुलांवरच्या प्रयोगांतही बरीचशी मुलं गोष्टीचं तात्पर्य चुकीचं घेऊन गेलेली आढळली. तीन वर्षांच्या आतलं मूल तर थेट कृतीच उचलतं: हिसकावणं, ढकलणं, जीभ दाखवणं. म्हणून भाग निवडताना शेवट बघू नका, मधली आठ मिनिटं बघा.

वेगाकडेही लक्ष हवं. २०११ मध्ये चार वर्षांच्या मुलांनी नऊ मिनिटं अतिवेगवान कार्टून पाहिल्यावर लगेच घेतलेल्या चाचण्यांत, लक्ष धरणं आणि स्वतःला आवरणं या बाबतींत ती मागे पडली. चित्रं काढणारी मुलं मागे पडली नाहीत. घरी तपासायची सोपी रीत अशी: आवाज बंद करा आणि एका मिनिटात दृश्य किती वेळा बदलतं ते मोजा. दर दोन-तीन सेकंदांनी कॅमेरा उडी मारत असेल तर तो भाग या वयाला जड आहे. संथ भागात पात्र दारातून आत येतं, चालत टेबलापाशी जातं, वस्तू उचलतं, आणि मुलाला सगळं सलग दिसतं.

किती वेळ?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार एक वर्षाच्या आतल्या बाळाला पडदा नकोच. दुसऱ्या वर्षातही, म्हणजे दोन वर्षं पूर्ण होईपर्यंत, बसून पडदा बघणं नको. दोन ते चार वर्षांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास, त्याहून कमी असेल तर उत्तम. कुटुंबीयांशी व्हिडिओ कॉलवर बोलणं हा प्रकार वेगळा आहे. त्यात समोरचं माणूस मुलाला खरंच उत्तर देतं. या तासाचा विचार एकट्यानं करू नये. त्याच मार्गदर्शनात तीन-चार वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास झोप आणि दिवसभरात किमान १८० मिनिटं हालचाल सांगितली आहे. या दोन गोष्टी आधी बसवा, मग उरलेल्या जागेत पडदा. जेवताना नको, आणि झोपेआधीच्या तासात नको.

बंद करताना होणारा आकांत

खरी लढाई इथे होते, आणि बहुतेक घरांत चुकीच्या जागी लढली जाते. नेहमीचा सल्ला असतो: बंद करण्याआधी सूचना द्या, ‘अजून दोन मिनिटं हं’. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये लहान मुलांच्या घरांतून नोंदी गोळा केल्या, तेव्हा उलटंच दिसलं. दोन मिनिटांची सूचना दिली की बंद करणं जास्त कठीण गेलं. दोन वर्षांच्या मुलाला ‘दोन मिनिटं’ हे मापच कळत नाही. त्याला कळतं ते इतकंच की आता हिसकावलं जाणार, म्हणून रडायला आत्तापासून सुरुवात करावी. जे पडदे भाग संपल्यामुळे आपोआप थांबले, किंवा रोजच्या ठरल्या क्रमात बंद झाले, तिथे रडणं कमी होतं.

त्यावरून घरात बसवायची पद्धत अशी.

मिनिटं मोजू नका, भाग मोजा. पाच-सात मिनिटांचे दोन किंवा तीन. सुरू करण्याआधी तितके ठोकळे पडद्याशेजारी ठेवा. एक भाग संपला की मूल स्वतः एक ठोकळा डब्यात टाकतं. डबा भरला की संपलं. घड्याळ तुमच्या बाजूचं असतं, ठोकळे त्याच्या बाजूचे.

ऑटोप्ले बंद करा. यूट्यूबवर व्हिडिओ चालू असतानाच त्याचं बटण दिसतं. शक्य असेल तर भाग आधीच डाउनलोड करून ठेवा आणि तेवढेच दाखवा. भाग संपताना पुढच्या व्हिडिओंची चित्रं कोपऱ्यात उगवली की खेळ हातचा गेला. मुलाच्या दृष्टीनं अजून काही संपलेलंच नसतं.

शेवटचं गाणं सुरू होईल तेव्हा त्याच्याजवळ जाऊन बसा. खोलीच्या दुसऱ्या टोकावरून हुकूम सोडू नका. गाणं संपलं की ‘ते आता घरी गेलं. टाटा’ एवढंच म्हणा आणि बटण त्याच्याच बोटानं दाबू द्या. स्वतः बंद करणं आणि दुसऱ्यानं बंद करणं यांत मुलासाठी जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पुढचं काम आधीच मांडून ठेवा, आणि ते हातानं करायचं असू द्या: पाण्यात खेळणं, कणकेचा गोळा, बाहुल्याला अंघोळ. पडदा बंद आणि पुढे रिकामी खोली असेल तर कुणीही रडेल.

तरी रडलं तर? रडू द्या, जवळ बसा, कमी बोला. ‘तुला अजून बघायचं होतं. संपलं. उद्या परत.’ समजुतीची लांब भाषणं त्या वेळी कानांपर्यंत पोचत नाहीत. आणि पुन्हा लावू नका. पाच वेळा ठाम राहून सहाव्या वेळी लावलं, तर मूल शिकतं ते एवढंच: सहा वेळा रडावं लागतं. अधूनमधून मिळणारं बक्षीस सवय सगळ्यात चिवट करतं. नव्या नियमाच्या पहिल्या तीन-चार दिवसांत रडणं वाढतं, कारण जुना उपाय जास्त जोर लावून तपासून पाहिला जातो. याच टप्प्यावर बहुतेक घरं माघार घेतात. आजी, आजोबा, सांभाळणाऱ्या मावशी, सगळ्यांकडे ठोकळे तेवढेच असायला हवेत. एका घरात दोन आणि दुसऱ्या घरात मोजदाद नाही, असं झालं की दोन्हीकडे आकांत होतो.

रडणं थांबवायला मोबाइल हातात देण्याबद्दल स्पष्टच सांगायला हवं. कधीतरी, लांबच्या प्रवासात किंवा सुई टोचताना, त्यात काही बिघडत नाही. पण प्रत्येक रागावर तोच उतारा दिला तर मुलाला राग ओसरण्याचा अनुभवच मिळत नाही, आणि तो अनुभव पुढे लागतोच.

पात्राला कामाला लावा

लाडकं पात्र म्हणजे घरात मिळालेला बिनबोभाट मदतनीस. आधी बाहुल्याचे दात घासा, मग मुलाचे. बाहुल्याचे बूट आधी, मग त्याचे. डॉक्टरांकडे जाण्याच्या आदल्या दिवशी बाहुल्याला तपासा: छातीवर नळी, तोंडात ‘आ’, दंडावर टोचणं, पट्टी. टोचलं की थोडं दुखतं हेही बाहुल्याला सांगा, म्हणजे दुसऱ्या दिवशी तुमचा शब्द खोटा ठरत नाही. २०१७ मध्ये चार आणि सहा वर्षांच्या १८० मुलांना १० मिनिटांचं कंटाळवाणं काम दिलं होतं. आपण बॅटमॅनसारखं आवडतं पात्र आहोत असं समजून काम करणारी मुलं सगळ्यात जास्त वेळ टिकली. दोन-तीन वर्षांच्या मुलाला इतका वेळ जमणार नाही, पण बाथरूमपर्यंत त्या पात्रासारखं चालत जाणं नक्की जमतं.

दोन गोष्टी मात्र टाळा. ‘हे खाल्लं नाहीस तर ते रागावेल’ अशी धमकी त्याच्या तोंडी घालू नका. आणि शिक्षा म्हणून बाहुलं काढून घेऊ नका. मूल घाबरल्यावर ज्याच्याकडे धाव घेतं, तोच आधार त्यामुळे डळमळतो.

बाहुलं: जुनं, मळकं आणि एकुलतं एक

डोनाल्ड विनिकॉट या बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषकांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीलाच सांगितलं की सतत कुशीत लागणारी अशी वस्तू मुलाला आईपासून थोडं दूर राहायला मदत करते. तिचा वास, मऊपणा, फाटलेला कान हे सगळं त्या मदतीचा भाग. २००८ च्या एका प्रयोगात तीन ते सहा वर्षांच्या मुलांना एक ‘नक्कल करणारं यंत्र’ दाखवलं. साध्या खेळण्याची नक्कल घ्यायला मुलं खुशाल तयार झाली. झोपेच्या सोबत्याची नक्कल मात्र बहुतेकांनी नाकारली, काहींनी तर तो यंत्रात ठेवायलाच नकार दिला.

म्हणून जोडीचं बाहुलं आणायचं असेल तर पहिल्या आठवड्यातच आणा आणि दर तीन-चार दिवसांनी अदलाबदल करून धुवा, म्हणजे दोघांना सारखाच वास आणि सारखीच झीज येते. सहा महिन्यांनी आणलेलं नवंकोरं बाहुलं मूल फेकून देतं. खरं बाहुलं हरवलंच तर ‘तेच आहे’ असं खोटं सांगू नका. हरवलं म्हणा, शोधा, दुःख होऊ द्या.

सुरक्षेच्या बाबतीत मात्र कुठेही सैल राहू नका. एक वर्षाच्या आतल्या बाळाच्या अंथरुणात मऊ खेळणं ठेवू नये. तीन वर्षांच्या आतल्या मुलाच्या खेळण्यात लहान सुटा भाग नको. तपासणीसाठी वापरतात त्या नळकांड्याचा व्यास सुमारे ३२ मिलिमीटर असतो. घरी टॉयलेट पेपरच्या रिकाम्या पुठ्ठ्याच्या नळीनं अंदाज घेता येतो: त्यातून जे आरपार जातं ते लहान मुलाच्या हाती नको. बोलणाऱ्या बाहुल्यात बटणाएवढ्या चपट्या बॅटऱ्या असतात. त्यांचं झाकण स्क्रूनंच बंद होणारं हवं. अशी बॅटरी गिळली तर अन्ननलिका दोन तासांत भाजू शकते. गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवू नका, वाट पाहू नका, थेट दवाखाना गाठा. पात्रासारखा झगा घालायचा असेल तर गळ्याशी गाठ नको, ओढल्यावर सुटणारं वेल्क्रो हवं, आणि घसरगुंडीवर चढण्याआधी तो काढायचा. गळ्यात अडकेल अशी वीतभर लांब दोरीही नको. उडणारं पात्र आवडत असेल तर खिडक्यांना आणि गच्चीच्या कठड्याला अडसर आहे का, हे आजच पाहा. या वयाला ‘ते उडतं, तू पडशील’ हे ऐकून कळतं, पण उडी मारायच्या क्षणी आठवत नाही.

खरेदीचा सापळा

२०१० मध्ये चार ते सहा वर्षांच्या ४० मुलांना एकसारखा खाऊ दोन पाकिटांत दिला, एकावर कार्टूनचं चित्र. बहुतेकांना चित्राच्या पाकिटातला खाऊ जास्त चवदार लागला. गाजरांच्या बाबतीत हा परिणाम सर्वांत कमी होता. म्हणजे चित्र गोड खाऊ जोरात विकतं, भाजी मात्र फारशी नाही. घरासाठी एक सोपी रेघ आखता येते: वापरायच्या वस्तूंवर पात्र चालेल, खायच्या वस्तूंवर नाही. आणलंच तर पाकीट बाहेरच फाडून साध्या डब्यात ओता.

डॉक्टरांना कधी विचारावं?

आवडीची तीव्रता हे एकटं काळजीचं कारण नाही. बघायचं ते असं: मूल ती आवड तुमच्याकडे घेऊन येतं का? बोट दाखवून ‘बघ’ म्हणतं का? बाहुल्याला भरवतं, झोपवतं, की नुसतं एकाच ओळीत लावतं किंवा एकच भाग फिरवत बसतं? खेळात दुसरं कुणी शिरलं तर चालतं का? कार्टूनमधली वाक्यं जशीच्या तशी म्हणणं दोन-अडीच वर्षांपर्यंत सर्रास आढळतं, विशेषतः ती योग्य प्रसंगी म्हटली तर. पडल्यावर पात्राचं ‘अरेरे!’ म्हणणारं मूल भाषा वापरतंय. पण स्वतःचे शब्द जवळजवळ नाहीत आणि फक्त संवादच आहेत, तर दाखवून घ्या.

एक वर्षाचं होऊनही नावाला प्रतिसाद नाही, दीड वर्षाला बोटानं दाखवत नाही, दोन वर्षांना स्वतःची दोन शब्दांची जोडणी नाही, किंवा कोणत्याही वयात आलेले शब्द गेले, तर पात्राला दोष देत न बसता बालरोगतज्ज्ञांकडे जा. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी स्वमग्नतेची प्राथमिक चाचणी पालकांना प्रश्न विचारूनच होते आणि काही मिनिटांत आटपते. वाट पाहण्यात गेलेले महिने परत मिळत नाहीत.

वेड उतरतं तेव्हा

ते बहुधा गाजावाजा न करता उतरतं. एखादं वेड काही आठवडे टिकतं, एखादं दोन वर्षं. मग एक दिवस बाहुलं पलंगाखाली सापडतं आणि कुणी त्याची चौकशी केलेली नसते. तेव्हा ते लगेच कुणाला देऊन टाकू नका. नवी शाळा, नवं भावंड, ताप असं काही आलं की मूल जुन्या सोबत्याकडे परत जातं, रात्रीपुरतं का होईना. धुऊन, वाळवून, हाताशी येईल अशा खणात ठेवा. तिथे ते सहा महिने अस्पर्श पडून राहिलं, की मग मुलालाच विचारा याचं काय करायचं.